लोजबानचे शब्द पाठ करण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझी शब्दांची वही पाहिली. डावीकडे लोजबान या तर्कावर रचलेल्या कृत्रिम भाषेचा गिस्मु, म्हणजे मूळ शब्द, आणि उजवीकडे एकेक मराठी प्रतिशब्द. मेहनत दिसते आहे, तरी उजवी बाजू खोडून टाक, असं मी आग्रहाने सांगेन. ‘क्लामा म्हणजे जाणे की येणे?’ हा तुझा प्रश्न त्या बाजूनेच उभा केला आहे.

आपण ‘येतो’ म्हणायचं की ‘जातो’, हे बोलणारा कुठे आहे त्यावर ठरतं. क्लामाला बोलणाऱ्याशी देणंघेणं नाही. त्याला पाच जागा आहेत: कोण, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने, कशातून. या जागा हाच त्याचा अर्थ. नाम की क्रियापद, हा प्रश्नही मग उरत नाही. ‘ले क्लामा’ म्हणजे जाणारा. मध्ये ‘से’ घातलं की दुसरी जागा पहिली होते, म्हणून ‘ले से क्लामा’ म्हणजे पोहोचायचं ठिकाण. ‘ते’ घातलं तर निघण्याची जागा, ‘वे’ने वाट, ‘ख़े’ने वाहन. प्रत्येक गिस्मु त्याच्या जागांसकट शिक. महिन्याला थोडे कमी शब्द झाले तरी चालतील.

आपण ‘घरी’, ‘घरून’, ‘गाडीने’ असे प्रत्यय लावतो आणि शब्द हवे तसे मागेपुढे करतो. लोजबानमध्ये ते काम क्रम करतो. पण मधल्या जागा गाळायच्या असतील तर फा, फे, फि, फो, फु आहेत, पहिल्या ते पाचव्या जागेच्या खुणा. ‘मि क्लामा फु ले कार्शे’: मी मोटारीने जातो. विभक्तीची सवय असलेल्या माणसाला या खुणा फार लवकर आपल्याशा वाटतात. त्या आधी शिक.

शब्दांचे प्रकार ओळखायला अर्थ कळावाच लागत नाही. शेवटी व्यंजन असेल तर ते नाव, श्मेव्ला. म्हणून मुंबईचं ‘मुंबाइस’ होतं. शेवटी स्वर आणि पहिल्या पाच रोमन अक्षरांत दोन व्यंजनं लागून आली, तर ब्रिव्ला: गिस्मु, जोडून केलेला लुझ्वो किंवा उसना फुहिव्ला. बाकीचे छोटे शब्द श्मावो. गिस्मु नेहमी पाच रोमन अक्षरांचा असतो.

लुझ्वो मात्र सावकाश. ‘गेर्कु ज़्दानि’ हे दोन सुटे शब्द शेजारी ठेवले की कुत्र्याशी कसंही नातं असलेलं घर होतं: कुत्र्याचं, कुत्र्याच्या आकाराचं, कुत्री जमतात ते. त्यांचा ‘गेर्ज़्दा’ केला की अर्थ पक्का होतो, कुत्र्याचं घर, आणि जागाही ठरतात: घर, त्यात राहणारा कुत्रा, त्याची जात. ‘गेर’ आणि ‘ज़्दा’ या राफ्सि आहेत. राफ्सि म्हणजे फक्त जोडायचा तुकडा, शब्द नव्हे. ‘बाहि’ ही ‘बान्लि’ची (थोर) राफ्सि, पण सुटा श्मावो ‘बाहि’ म्हणजे ‘च्या ऐवजी’. दोघांचा संबंध नाही. इथे पुष्कळ जण अडखळतात.

गिस्मुंत हिंदीची छटा शोधायला हरकत नाही. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये लॉगलान, म्हणजे लोजबानची पूर्वज भाषा, सुरू केली. तिच्या शब्दांवरच्या हक्काचा वाद झाला, म्हणून १९८७ मध्ये स्थापन झालेल्या लॉजिकल लँग्वेज ग्रुपने लोजबानसाठी शब्द नव्याने घडवले. त्यासाठी चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांतले ध्वनी भाषकसंख्येच्या प्रमाणात घेतले. आई म्हणजे ‘माम्ता’, चहा म्हणजे ‘चाति’. लक्षात ठेवायला मदत होते, एवढंच. ‘माम्ता’त ममता शोधू नकोस, त्याच्या जागा दोन, आई कोण आणि कुणाची.

आणि श्मावोंना किरकोळ समजू नकोस. आपलं ‘आपण’ आणि ‘आम्ही’ इंग्रजीला एकाच शब्दात उरकावं लागतं. लोजबानमध्ये ‘मिहो’ म्हणजे तू आणि मी, ‘मिहा’ म्हणजे मी आणि इतर, तू सोडून, आणि तिघंही हवे असतील तर ‘माहा’. ऐकीव गोष्टीला ‘तिहे’ लावतात, जसं आपण वाक्याला ‘म्हणे’ जोडतो. डोळ्यांनी पाहिलेल्याला ‘ज़ाहा’. इथे मराठी तुला थेट उपयोगी आहे.

पुढच्या पत्रात क्लामाची दहा वाक्यं पाठव. पाची जागा आळीपाळीने रिकाम्या ठेव, आणि निदान दोनांत फु वापर.

तुझा,
एक जुना शिकाऊ