यंत्राने सुचवलेली खूण आणि डॉक्टरांची नजर

प्रश्न : आमच्या रुग्णालयात चार निवासी डॉक्टर संशोधनासाठी डिस्चार्ज समरींमधील आजार, औषधे व तपासण्यांवर खुणा करतात. एआय आधी खुणा सुचवते आणि डॉक्टर त्या मान्य किंवा रद्द करतात, असे सॉफ्टवेअर आम्ही चाचणीसाठी घेतले आहे. काम लवकर उरकते आणि साधन वापरायला किती सोपे वाटते हे मोजणाऱ्या एसयूएस (सिस्टीम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावलीत त्याला सरासरी ८२ गुण मिळाले. एवढ्यावर ते कायम करावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : माझ्या मते एवढ्यावर करू नये. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेल्या या १० विधानांच्या प्रश्नावलीत साधारण ६८ गुण सरासरी मानले जातात, त्यामुळे ८२ गुण चांगलेच आहेत. परंतु चौघांना साधन कसे वाटले एवढेच त्यातून कळते, खुणा बरोबर झाल्या की नाही हे कळत नाही.

‘रुग्णास मधुमेह नाही, वडिलांना मधुमेह’ अशी नोंद घ्या. यंत्राने दोन्ही ठिकाणी ‘मधुमेह’ हा शब्द रुग्णाचा आजार म्हणून रंगवला, तर ताज्या डोळ्यांना चूक लगेच दिसते. पण दिवसभराच्या ड्यूटीनंतर समोर रंगवलेला शब्द आणि हाताशी ‘मान्य’चे बटण असले की बोट तिकडेच वळते. म्हणून काही समरी साधनासह आणि काही साधनाविना द्या, डॉक्टरांमध्ये त्यांची अदलाबदल करा आणि सर्व खुणा वरिष्ठांनी साधन न वापरता ठरवलेल्या उत्तरांशी ताडून पाहा. केवळ डॉक्टरांमधील एकमत मोजणाऱ्या ‘कॅप्पा’ (kappa) या मापावर विसंबू नका, कारण दोघांनीही यंत्राची तीच चुकीची सूचना मान्य केली तरी कॅप्पा वाढतोच. यंत्राने सुचवलेच नाही असे किती आजार डॉक्टरांच्या नजरेतून निसटले, हेही आवर्जून मोजा. चुकीची खूण निदान डोळ्यांसमोर असते, सुटलेली खूण कोणालाच दिसत नाही.

शेवटी, एखाद्या डॉक्टरच्या शेजारी तासभर बसा आणि काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. ‘तीव्र मूत्रपिंड विकार’ यातला ‘तीव्र’ खुणेबाहेर राहिला, तर तो आत घ्यायला किती क्लिक लागतात ते पाहा. मान्य करायला एक क्लिक आणि दुरुस्तीला पाच लागत असतील, तर दुरुस्ती टाळली जाणारच; तेव्हा खरेदीपूर्वी ही अडचण विक्रेत्याकडून दूर करून घ्या आणि त्यानंतर चाचणी पुन्हा करा.