मांजरासाठी दार उघडावं का?

पाळीव मांजराला बाहेर मोकळं सोडावं की नाही, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमची मांजरी सात महिन्यांची आहे. संध्याकाळ झाली की दारापाशी बसून ओरडत राहते. घरात यावरून दोन तट पडलेत. कोंडून ठेवणं क्रूरपणाचं आहे, असं काहींचं म्हणणं. बाहेर गेली तर हातची जाईल, असं बाकीच्यांचं. कोणाचं खरं?

उत्तर : आधी सांगा, तिची नसबंदी झाली आहे का? या वयाची मांजरी आर्त ओरडत असेल, जमिनीवर लोळत असेल, पाठीवरून हात फिरवला की मागचा भाग उचलून शेपूट बाजूला घेत असेल, तर तिला फिरायला जायचं नाहीये. ती माजावर आलेली आहे. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि गाभण राहिली तर साधारण ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं देते. नसबंदी करून घ्या, कदाचित तुमच्या घरातला वाद तिथेच मिटेल.

नसबंदी होऊनही ती दारात बसत असेल, तर आमचं मत असं की तिला एकटीला मोकळं सोडू नये. गाड्यांचा आणि कुत्र्यांचा धोका सगळ्यांनाच कळतो. मारामारीतला चावा मात्र बऱ्याचदा लक्षातच येत नाही. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. तो जंतू खोलवर सोडतो आणि वरचं बारीक भोक लगेच बुजतं. दोन ते चार दिवसांनी तिथे गरम, दुखरी गाठ येते, ताप चढतो, खाणं सुटतं. तेव्हा कुठे आपल्याला कळतं. एफआयव्ही हा मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू मुख्यतः अशा चाव्यांतूनच पसरतो. मांजरांमधल्या ल्युकेमियाच्या विषाणूला तर चाव्याचीही गरज नाही, एकमेकांना चाटणं किंवा एकाच भांड्यातून खाणं पुरतं. त्यात विष खाऊन सुस्तावलेला उंदीर सहज हाती लागतो आणि तेच विष मांजराच्या पोटात जातं.

पण क्रूरपणाचा मुद्दा मांडणारे अगदीच चुकीचे नाहीत. दार बंद केलं आणि आत काहीच दिलं नाही, तर मांजर जाड होतं, कंटाळतं, पडदे फाडतं, नको तिथे लघवी करतं. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र साधारण पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटते, म्हणून खाणं मोजून द्या. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं शिकारीचा खेळ हवा. काठीला दोरी, दोरीला पीस. ते पीस तिच्या तोंडासमोर नाचवू नका. उंदीर कधी मांजराकडे धावत येत नाही. ते तिच्यापासून दूर न्या, खुर्चीच्या पायामागे लपवा, थांबवा, पुन्हा किंचित हलवा. शेवटी तिला ते पकडू द्या आणि लगेच जेवण द्या. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप या क्रमाने तिची संध्याकाळ मार्गी लागली की दारातला ओरडा उतरतो. नखं घासायला किमान ९० सेंटिमीटर उंच, न डगमगणारा खांब ठेवा. डगमगला की ती पुन्हा सोफ्याकडे वळलीच म्हणून समजा. बसायला उंचावर जागा द्या. लिटर ट्रे, म्हणजे शी-शूसाठी रेतीसारखं लिटर भरलेला ट्रे, मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावा.

लसी घरातल्या मांजरालाही लागतात. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू चिवट आहे, तो आपल्या चपलांबरोबरही आत येतो.

प्रश्न : आमचा बोका चार वर्षं बाहेर हिंडतोय. नसबंदी नुकतीच केली. आता त्याला घरात ठेवता येईल का?

उत्तर : येईल. एका दिवसात मात्र नाही, तीन-चार आठवडे धरा. नसबंदीनंतरही त्याच्या शरीरातला जुना जोर ओसरायला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात तो मांजरीला गाभणही करू शकतो.

सुरुवात जेवणापासून करा. दिवसभर भरून ठेवलेली वाटी उचला. दोन ठरलेल्या वेळा ठेवा आणि दुसरी वेळ अंधार पडायच्या आधीची ठेवा. तो आला, जेवला की दार बंद, ते सकाळीच उघडायचं. पहिला आठवडा फक्त रात्री आत. मारामाऱ्या आणि अपघात टाळण्यासाठी रात्रीच सर्वांत महत्त्वाच्या. त्यानंतर सकाळी दार उघडायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी तासाभराने पुढे ढकला.

माती उकरायची सवय लागलेल्या बोक्याला विकतचं लिटर कळत नाही. ट्रेमध्ये आधी तीन भाग बाहेरची माती आणि एक भाग लिटर घाला, पाच-सात सेंटिमीटर जाड थर द्या आणि आठ-दहा दिवसांत मातीचं प्रमाण कमी करत न्या.

हा बेत सहसा एकाच ठिकाणी फसतो. बोका ओरडतो, घरचे चाळीस मिनिटं सहन करतात आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला दार उघडतात. त्यातून तो एवढंच शिकतो की चाळीस मिनिटं ओरडलं की काम होतं. उघडायचंच असेल तर तो गप्प असताना उघडा.

या काळात त्याच्या लघवीवर लक्ष ठेवा. ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि थेंबभरच लघवी होतेय किंवा होतच नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

बोका म्हातारा असेल आणि महिनाभर प्रयत्न करूनही खाणं सोडून बसत असेल, तर रात्री आत आणि दिवसा बाहेर यावर तडजोड करा. त्यात काही वावगं नाही.

प्रश्न : आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मांजर पडलं तरी पायांवर पडतं, मग बाल्कनीला जाळी हवीच का?

उत्तर : हवीच. मांजर हवेत वळून पायांवर येतं हे खरं, पण पाय टेकल्यावर हनुवटी जमिनीवर आपटते. जबडा मोडतो, तोंडातली टाळू चिरते, फुफ्फुसांभोवती हवा साचते. न्यू यॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यातली ९० टक्के जगली, हा आकडा लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. त्यात दवाखान्यात आणलेलीच मांजरं मोजली होती, हे मात्र सांगायचं राहून जातं. जी जागीच गेली, त्यांना दवाखान्यात कोण आणणार?

जाळीचं भोक मोठ्या मांजरासाठी ४ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि पिल्लासाठी २.५ सेंटिमीटरपर्यंत असावं. डोकं गेलं की अंग जातं, हा हिशोब. डासांची जाळी चालत नाही, नखांनी ती फाटते. स्टीलची तार किंवा उन्हात न कुजणारी, प्रत्येक गाठ पक्की असलेली नायलॉनची जाळी घ्या. कडेने जाड तार ओवा आणि दर २० ते २५ सेंटिमीटरवर हूक ठोका. खालचे दोन कोपरे नीट पाहा, मांजर तिथेच डोकं घुसवतं. जाळी लागल्यावर खालच्या कडेला मुठीने जोर द्या. मूठ बाहेर गेली तर मांजरही जाईल. नायलॉन असेल तर दर काही महिन्यांनी गाठी तपासा.

वरून तिरक्या उघडणाऱ्या खिडक्यांपासूनही सावध राहा. त्या फटीतून बाहेर पडायला मांजर उडी मारतं, घसरून फटीच्या अरुंद टोकाशी अडकतं आणि सुटायची धडपड करताना आणखीच रुतत जातं.

प्रश्न : गळ्यात घुंगरू बांधलं तर पक्षी वाचतात ना?

उत्तर : त्यावर विसंबू नका. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने २०२१ मध्ये ३५५ मांजरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात घुंगराचा ठोस परिणाम दिसला नाही. भडक रंगाच्या कापडी पट्ट्याने घरी आणल्या जाणाऱ्या पक्ष्यांची संख्या ४२ टक्क्यांनी घटली. भरपूर मांस असलेल्या, धान्यविरहित खाद्याने एकूण शिकार ३६ टक्क्यांनी आणि रोजच्या पाच-दहा मिनिटांच्या खेळाने २५ टक्क्यांनी कमी झाली. रंगीत पट्ट्याचा उंदरांना काही फायदा नाही. अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला. त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा होता. ही बेवारस मांजरं कुठून येतात, याचा विचार नसबंदी पुढे ढकलणाऱ्यांनी करावा. पट्टा कुठलाही असो, ताण आला की सुटणाऱ्या बकलचाच घ्या, नाहीतर फांदीत अडकून फास बसतो.

प्रश्न : हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घालून फिरवावं म्हणते, पण घातला की मांजर आडवंच पडतं.

उत्तर : बहुतेक मांजरं पडतात, घाबरू नका. दोन-तीन दिवस हार्नेस जेवणाच्या वाटीशेजारी नुसता ठेवा. मग बकल न लावता अंगावर टाका, मग पाच मिनिटं लावून खाऊ द्या. घरात दहा-बारा दिवस तरी सराव हवा. हार्नेस आणि अंग यांत दोन बोटं सपाट जावीत, तिसरं जाऊ नये. मांजर पुढे धावून नाही, मागे सरकत हार्नेसमधून निसटतं, म्हणून घरातच दोरी पुढून हलके ओढून पाहा. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला कधीच लावू नका.

बाहेर नेताना तिला स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडू देऊ नका. पिंजऱ्यात घालून न्या, नाहीतर दार उघडं दिसलं की पळायचं, एवढंच ती शिकेल. पिंजरा शेजारी उघडा ठेवा, दचकली तर ती त्यात शिरेल. पिसवा-गोचिडांचं औषध मांजराचंच वापरा. कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराचा जीव घेतं.

प्रश्न : मायक्रोचिप बसवली तर मांजर कुठे आहे ते कळेल का?

उत्तर : नाही. कातडीखाली बसवलेली ही चिप जागा दाखवत नाही. कोणी स्कॅनर फिरवला तर फक्त एक क्रमांक दिसतो. त्या क्रमांकापुढे तुमचा चालू फोन नंबर नोंदलेला नसेल तर चिपचा काहीच उपयोग नाही.

प्रश्न : घरातलंच मांजर चुकून बाहेर निसटलं तर काय करावं?

उत्तर : लांब शोधायला धावू नका. बाहेरची सवय नसलेलं मांजर सहसा जवळच, पहिल्या आडोशाला दबून बसतं आणि ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. ज्या दारातून निसटलं तिथून सुरू करा. जिन्याखाली, गाड्यांखाली, कुंड्यांमागे, शेजाऱ्यांच्या अडगळीत बघा. रात्री सगळं शांत झालं की टॉर्च आपल्या डोळ्यांच्या उंचीला धरून उजेड जमिनीलगत फिरवा, डोळे चमकतात. दिसलं तर झडप घालू नका. बाजूला खाली बसा, नजर दुसरीकडे ठेवा आणि वासाचं खाणं पुढे सरकवा.