वायरमनचा परवाना सीमेपलीकडे चालतो का?

प्रश्न : आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमन ट्रेड केला, कर्नाटकचा परवाना काढला. निपाणीत कामं कमी, म्हणून कागल एमआयडीसीत गेलो, तर ठेकेदार महाराष्ट्राचा परवाना मागतो. वायर तीच, व्होल्टेज तेच, मग असं का?
— एक वायरमन, निपाणी

उत्तर : ठेकेदाराचं चुकत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम देशभर एकच आहेत. पण परवाना राज्य सरकारने ‘दिलेला किंवा मान्य केलेला’ हवा, असं त्यांत म्हटलंय. तुमचं काम ‘मान्य केलेला’ या दोन शब्दांवर अडलंय. कोल्हापूरच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात कर्नाटकचा परवाना आणि आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र घेऊन जा, मान्यतेसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नकार आला, तर त्याच प्रमाणपत्रावर नवा परवाना मागा. ते सगळ्या राज्यांत चालतं. शाळेचा दाखला कन्नडमध्ये असेल तर भाषांतर जोडा. आधार आणि प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, हे आधी बघा. नाहीतर अर्ज तिथेच रखडू शकतो.

तोवर दिवे, पंखे, फ्यूज, स्विच नुसते बदलायची कामं घ्यायला हरकत नाही. वायरिंगचा भार वा स्वरूप बदलत नसेल तर त्याला परवाना लागत नाही.

प्रश्न : बिनपरवान्याचे लोक निम्म्या दरात काम घेतात, परवानेवाला पैसे घेऊन नुसती सही देतो. मग परवान्याचा उपयोग कुणाला?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : सही विकली गेली की कुणालाच नाही. कारागिराला कमी मिळतं, घरमालकाला धोका राहतो. परवान्याची खरी किंमत चाचणीत आहे. दिवे, उपकरणं काढून ५०० व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) फेज आणि अर्थिंगमध्ये एक मिनिट लावायचा. किमान १ मेगाओहम दिसलं पाहिजे. भिंतीतल्या पाइपात जॉइंट मारून नुसती टेप गुंडाळली असेल, तर खानापूरच्या पावसात ओल तिथे शिरते आणि काटा खाली येतो. जॉइंट जंक्शन बॉक्समध्येच हवा. चाचणीच्या रिपोर्टवर सही करणाऱ्याने हे आपल्यासमोर मोजून दाखवावं, असा घरमालकाने आग्रह धरावा.

हाताची परीक्षा घेणारा नियम हवाच. नुसती दारं बंद करणारा नको. मालवाहू गाडीच्या लायसन्सला आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली, ते योग्यच झालं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाने त्याच वर्षी इतर राज्यांचे परवाने मान्य करायचा कायदा केला. निपाणी-कागलसाठी दोन्ही सरकारांनी तेच करावं.

प्रश्न : कारच्या लायसन्सवर बेळगावहून गोव्याला भाजीची पिकअप नेली तर चालेल का?
— एक चालक, हलगा

उत्तर : चालेल. लायसन्सला राज्याची सीमा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिलाय : मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. हा आकडा आरसी बुकात बघा, काट्यावर नव्हे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिटही लागत नाही. फिटनेस आणि विमा मात्र चालू हवा.