स्नानसंस्कार हवा, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी हिंदू कुटुंबातली, वय 31. दोन वर्षांपासून दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाते. स्नानसंस्काराचं (बाप्तिस्मा, पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी) विचारलं, तर फादर म्हणाले, "यंदा नाही, पुढच्या ईस्टरला बघू." टाळत तर नाहीत ना?

उत्तर : नाही. मोठ्या माणसाची वाट कॅथलिक चर्चने मुद्दामच लांब ठेवली आहे. उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) महिन्यावर आलेला असताना कुणी विचारलं, तर पुढचंच वर्ष सांगतात, आणि ते योग्य आहे. श्रद्धा समजून घ्यायला, मन पक्कं व्हायला वेळ लागतो. कुणाच्या दबावाने आलेल्या माणसाला चर्च घेत नाही. तुम्ही स्वतःहून आला आहात ना, हे फादरांनी विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका.

आधी नुसत्या गप्पा, शंका, प्रश्न. मग स्वीकारविधी : दारात स्वागत होतं, कपाळावर क्रुसाची खूण करतात. तिथून तुम्ही दीक्षार्थी, म्हणजे स्नानाची तयारी करणारे. पुढे काही महिने दर आठवड्याला धर्मशिक्षण. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी निवडीचा विधी होतो, बहुधा बिशपांसमोर. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी तुमच्यासाठी खास प्रार्थना होतात. त्या तीन रविवारी वाचली जाणारी शुभवर्तमानं (येशूच्या चरित्रातले उतारे) नीट ऐका : विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, मरणातून उठवलेला लाजरस. तहान, दृष्टी, जीवन. तुमच्या वर्षभराच्या तयारीचं सार या तिघांत आहे.

ईस्टरच्या जागरणाच्या रात्री स्नान, दृढीकरण (तेल लावून श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) आणि ख्रिस्तशरीर (मिस्सातली पवित्र भाकर) हे तिन्ही संस्कार एकापाठोपाठ मिळतात. दृढीकरणासाठी वेगळं वर्ष थांबायचं नसतं. आणि आधी पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली) करायचं का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. नाही करायचं. मनापासून पश्चात्ताप हवा. बाकी सगळी पापं त्या पाण्यातच धुतली जातात.

प्रश्न : बाळ तीन आठवड्यांचं आहे. धर्मपिता (स्नानाच्या वेळी बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारा) म्हणून माझा 15 वर्षांचा चुलतभाऊ ठरवला होता, पण चर्चच्या ऑफिसात नको म्हणाले. कुवेतचा मामा चालेल का? तो डिसेंबरात येईल.

उत्तर : भाऊ चालणार नाही, कारण धर्मपित्याचं वय 16 पूर्ण लागतं. शिवाय तो कॅथलिक, दृढीकरण झालेला आणि श्रद्धेने जगणारा हवा. बाळाचे आईवडील स्वतः धर्मपिता-धर्ममाता होऊ शकत नाहीत. दोघेच हवेत असंही नाही, एक असला तरी पुरतो; दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. मामासाठी डिसेंबरपर्यंत थांबू नका. चर्च म्हणतं पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला आणा. मामाच्या वतीने दुसरं कुणी उभं राहू शकेल का, ते फादरांना विचारा.

बाळाचा जन्मदाखला, तुमच्या लग्नाचा चर्चचा दाखला आणि मामाच्या दृढीकरणाचा पुरावा जवळ ठेवा. नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्यावर आहे तेच, अक्षरन् अक्षर, नोंदवहीत जाऊ द्या. पुढे पासपोर्टच्या वेळी लोक अडतात ते इथेच.

बाळ काचेच्या पेटीत असेल, जिवाला धोका असेल, तर फादरांची वाट पाहू नका. अशा वेळी कुणीही, नर्ससुद्धा, स्नान देऊ शकते. चर्च जे करतं तेच करायचं, एवढा हेतू मनात हवा. साधं पाणी डोक्यावर ओता. ते कातडीवरून वाहिलं पाहिजे, ओलं बोट टेकवून भागत नाही. ओततानाच म्हणा : "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नान देते." "आम्ही" म्हणू नका, त्याने स्नान होतच नाही, हे रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. बाळ सावरलं की चर्चमध्ये तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती हे विधी होतात, पाणी मात्र पुन्हा ओतत नाहीत. धर्मग्रामात (आपल्या भागातल्या चर्चमध्ये) कळवून नोंद तेवढी करून घ्या.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, स्नानसंस्कार राहूनच गेला. वर्गातली मुलं आता पहिलं ख्रिस्तशरीर घेतील. आदल्या दिवशी उरकता येईल?

उत्तर : उरकू नका. सात वर्षं पूर्ण झालेलं मूल या बाबतीत मोठ्यांत धरलं जातं. त्याला स्वतः समजायला हवं, त्याने स्वतः "हो" म्हणायला हवं. त्यामुळे त्याचीही तयारी पायऱ्यांनीच होते, आणि फादर स्नानाबरोबरच दृढीकरणही देतात. हा शेवटचा भाग बऱ्याचदा विसरला जातो, म्हणून आधीच विचारा. सोबत्यांच्या मागून वर्षभराने घेतलं तर काही बिघडत नाही.

प्रश्न : माझा नवरा प्रोटेस्टंट, लहानपणी स्नान झालेलं. त्याला कॅथलिक व्हायचंय.

उत्तर : स्नान पाण्याने आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नावाने झालं असेल तर ते कायमचं, पुन्हा देत नाहीत. त्याच्या चर्चचा दाखला आणा. थोडी तयारी, पापनिवेदन, मग मिस्सात श्रद्धांगीकार म्हणून चर्चची शिकवण स्वीकारल्याचं जाहीर सांगणं, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर. यासाठी ईस्टरची वाट पाहायची गरज नाही.

प्रश्न : कॅथलिक मुलीशी लग्न करायला मला धर्म बदलावाच लागेल का? माझा जातीचा दाखला आहे.

उत्तर : नाही. बिशपांची परवानगी घेऊन चर्चमध्ये लग्न लागतं, तुम्ही हिंदूच राहता. फक्त लग्नासाठी स्नान मागायला आलेल्याला आम्ही थांबा असंच सांगू. श्रद्धेपोटी यायचं असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या : राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातीला ही अट नाही.