बाळ झोपते, पण मला झोप येत नाही

प्रश्न : माझे बाळ अडीच महिन्यांचे आहे. गरोदरपणी सातव्या महिन्यापासूनच मला विनाकारण रडू येत असे. आता बाळ झोपले तरी मला झोप लागत नाही. ते माझ्या हातून खाली पडल्याचे चित्र वारंवार डोळ्यांसमोर येते, म्हणून मी त्याला उचलायचेही टाळते. घरचे म्हणतात, सगळ्याच बायकांना असे होते. अंगावर पाजत असल्यामुळे औषधांची धास्ती वाटते. मी वाईट आई आहे का?

उत्तर : नाही. तुम्ही आजारी असण्याची मात्र बरीच शक्यता आहे.

घरच्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके झपाट्याने कमी होतात, त्यात जागरणाची भर पडते आणि निम्म्याहून अधिक बाळंतिणींना रडू येणे, चिडचिड होणे असा त्रास होतो. पण तो साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. तुमचा त्रास अडीच महिने टिकून आहे आणि त्याची सुरुवात तर प्रसूतीपूर्वीच झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १० टक्के गर्भवतींना आणि १३ टक्के नवमातांना मानसिक आजार होतो, आणि त्यात नैराश्याचे प्रमाण सर्वाधिक असते. तेव्हा 'होते सगळ्यांना' म्हणून हे अंगावर काढू नका.

बाळ पडल्याचे जे चित्र तुम्हाला दिसते, ते लिहिताना तुमचा हात कचरला असेल. असे नकोसे विचार अनेक नवमातांच्या मनात येतात आणि ते आपल्या इच्छेच्या विरुद्ध असल्यामुळेच त्यांची इतकी भीती वाटते. तसे करण्याची इच्छा असणे ही निराळी गोष्ट आहे. हा फरक डॉक्टर तपासू शकतात, पण त्यासाठी ते चित्र त्यांना जसेच्या तसे सांगावे लागेल. 'हल्ली जरा थकवा असतो' एवढेच सांगून परत येऊ नका. बोलणे जमले नाही, तर हे पत्रच त्यांच्यापुढे ठेवा. मात्र तो विचार कधी योग्य वाटू लागला, नसलेले आवाज ऐकू आले किंवा स्वतःचे जीवन संपवावेसे वाटले, तर भेटीची वेळ ठरण्याची वाट न पाहता, कोणाला तरी सोबत घेऊन त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

डॉक्टर बहुधा बाळंतपणाच्या काळातील नैराश्याची चाचपणी करणारी, १९८७ मध्ये तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली भरून घेतील. तिच्यात गेल्या सात दिवसांविषयीचे दहा प्रश्न असतात. तिच्यावरून निदान होत नाही, पुढच्या तपासणीची दिशा कळते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणीही करून घ्या, कारण त्यांतील बिघाडही असाच थकवा आणि उदासी आणतो. सौम्य त्रासात समुपदेशन पुरेसे ठरू शकते. औषध लागलेच, तरी सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरील काही औषधे आईच्या दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात आणि स्तनपान चालू ठेवून ती देता येतात. तुम्ही अंगावर पाजता हे डॉक्टरांना आधीच सांगा. गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडूही नका.

आता तुमच्या यजमानांसाठी दोन शब्द, कारण हे उत्तर त्यांनीही वाचावे असे मला वाटते. पत्नीला धीर देण्यापेक्षा रात्रीचे सलग चार-पाच तास बाळ स्वतःकडे घ्या आणि तेवढा वेळ तिला दुसऱ्या खोलीत झोपू द्या. झोप लागली नाही, तरी तिला तेवढा वेळ पडून राहू द्या; मात्र संधी मिळूनही झोप येत नाही, ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. भेटीची वेळ तुम्हीच ठरवा, कारण या आजारात एक फोन करणेही डोंगराएवढे वाटते.