दोन गावांतले दोन नेक्स्टक्लाउड जोडताना: फाइल कुणाकडे राहणार ते आधी ठरवा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वरुडकडे तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर नेक्स्टक्लाउड (फाइली ठेवायचं आणि वाटायचं, स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर) चालतं. काटोलकडच्या गटाकडे जुन्या डेस्कटॉपवर तसंच दुसरं आहे. संत्र्याच्या बगिच्यांचे फोटो, माती परीक्षणाचे अहवाल, फवारणीच्या नोंदी एकमेकांना दिसाव्यात, पण कुणालाही समोरच्याच्या सर्व्हरवर नवीन खातं काढावं लागू नये, ही तुमची अपेक्षा. फेडरेटेड शेअरिंग (एका सर्व्हरवरची फाइल थेट दुसऱ्या सर्व्हरच्या माणसांना देणं) दोन्हीकडे चालू केलं, त्यांचा आयडी टाकला, तरी सर्व्हर सापडत नाही असा संदेश येतो. तुमच्या ऑफिसात तुमची साइट उघडते, त्यांच्याकडे त्यांची उघडते.

तुम्ही निवडलेला मार्ग योग्य आहे. सर्व्हर ते सर्व्हर शेअरिंग २०१४ साली ओनक्लाउड ७ मध्ये आलं, २०१६ मध्ये ओनक्लाउडमधून नेक्स्टक्लाउड वेगळं झालं तेव्हा ते सोबत आलं, आणि ओपन क्लाउड मेश या खुल्या नियमावलीमुळे उद्या एखादा गट ओनक्लाउड वापरणारा निघाला तरी जोडणी होऊ शकते. अडचण आहे ती तुमच्या जोडणीत.

फेडरेशनमध्ये तुमचा ब्राउझर समोरच्या सर्व्हरशी बोलतच नाही. तुमचा सर्व्हर थेट त्यांच्या सर्व्हरशी बोलतो आणि त्यांचा तुमच्याशी, दोन्ही दिशांनी. म्हणून ऑफिसातल्या वायफायवर साइट उघडते याला काही अर्थ नाही. खरी तपासणी एकच: काटोलच्या सर्व्हरच्या टर्मिनलवरून कर्ल (वेबपान मागवायची कमांड) वापरून तुमच्या पत्त्यावरचं स्टेटस डॉट पीएचपी हे पान मागवा, आणि तुमच्या सर्व्हरवरून त्यांचं. दोन्हीकडून नेक्स्टक्लाउडची आवृत्ती सांगणारी ओळ आली पाहिजे, तीही एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राची तक्रार न येता. हे होत नाही तोवर नेक्स्टक्लाउडच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

माझा अंदाज आहे की तुमची इंटरनेटची लाइन सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी कंपनीने अनेक ग्राहकांत वाटला आहे. आपल्याकडच्या गावांत मोबाइल इंटरनेटवर हे जवळपास गृहीत धरा, आणि पुष्कळ फायबर जोडण्यांवरही तेच आहे. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर शंकाच उरली नाही: हा पट्टा २०१२ पासून खास त्यासाठीच राखून ठेवलेला आहे, आणि बाहेरचं कुणीही तुमच्या राउटरपर्यंत पोहोचू शकत नाही. मग पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी उपयोग नाही. इंटरनेट कंपनीकडे स्थिर सार्वजनिक आयपी मागून बघा. मिळाला आणि परवडला तर सगळ्यात सोपं. नाहीतर एक छोटा व्हीपीएस (सार्वजनिक आयपी असलेला इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्याने घ्या आणि दोन्ही सर्व्हर वायरगार्ड या व्हीपीएनने त्याला जोडा. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, रास्पबेरी पायवर हलकं चालतं. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर नॅटमागची वाट थोड्या वेळाने बंद होते. मोबाइल लाइनवर पान उघडतं पण मोठी फाइल मध्येच अडकते, असं दिसलं तर वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० वरून १२८० वर आणा. ही लक्षणं बघून लोक नेक्स्टक्लाउड पुन्हा इन्स्टॉल करत बसतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता दोन वाटा आहेत. व्हीपीएसवर एनजिनएक्स रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरची विनंती आतल्या सर्व्हरकडे पोहोचवणारा मध्यस्थ) लावून दोन्ही साइट सगळ्या जगाला उघड्या करता येतात. किंवा दोन्ही सर्व्हर फक्त वायरगार्डच्या आतल्या पत्त्यांवरच बोलतील असं ठेवता येतं. सभासद वावरातून मोबाइलवर फोटो चढवणार असतील तर पहिली वाट घ्या. फक्त दोन ऑफिसांचं काम असेल तर दुसरी जास्त सुरक्षित. दुसऱ्या वाटेला नेक्स्टक्लाउडचा एक अडसर येतो: खाजगी पत्त्यावरच्या सर्व्हरशी बोलायला ते मुळात नकार देतं. त्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये अलाउ लोकल रिमोट सर्व्हर्स हे सेटिंग ट्रू करावं लागतं, दोन्हीकडे. टेलस्केल (वायरगार्डवर चालणारी तयार सेवा) वापरत असाल तरी हेच, कारण त्याचे पत्तेही त्याच १००.६४ च्या पट्ट्यातले असतात. पहिली वाट घेतली तर हे सेटिंग चालू करू नका. त्याने तुमच्या सर्व्हरमार्फत आतल्या नेटवर्कमध्ये डोकावायची सोय होते.

डोमेन मात्र आजच पक्कं करा. फेडरेटेड क्लाउड आयडी म्हणजे वापरकर्त्याचं नाव, ॲटचं चिन्ह आणि सर्व्हरचा पत्ता; प्रत्येकाला तो पर्सनल सेटिंग्जमधल्या शेअरिंगच्या पानावर दिसतो. झालेले सगळे शेअर त्या पत्त्याला बांधलेले असतात. आयपी टाकून काम सुरू केलं आणि सहा महिन्यांनी डोमेन घेतलं, तर जुने शेअर पुन्हा करावे लागतील. ट्रस्टेड डोमेन्समध्ये नाव घाला, ओव्हरराइट सीएलआय यूआरएल तेच ठेवा, आणि प्रॉक्सीमागे असाल तर ट्रस्टेड प्रॉक्सीज भरून ओव्हरराइट प्रोटोकॉल एचटीटीपीएस करा.

प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं घ्या. ८० नंबरचं पोर्ट बाहेरून उघडत नसेल तर डीएनएसमध्ये नोंद टाकून पडताळणी करण्याची पद्धत आहे, ती वापरा. स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र ओसीसीने (नेक्स्टक्लाउडच्या कमांडने) आयात करता येतं, पण दोन्ही गावांत ते दरवेळी बदलत बसणं कुणालाच जमत नाही. आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फार घडते. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन परत आली, पाय सुरू झाला, इंटरनेट यायला उशीर लागला, तर तोवर त्याची वेळ मागेच अडकलेली असते आणि समोरचं चांगलं प्रमाणपत्रही त्याला अवैध वाटू शकतं. काही वेळाने सगळं आपोआप सुरळीत होतं आणि कारण कुणाला कळत नाही. आरटीसी मॉड्यूल (बॅटरीवर चालणारं घड्याळ) स्वस्तात मिळतं, ते बसवा. राउटर आणि पाय दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर ठेवा. डेटाबेस एसडी कार्डवर असेल तर आधी एसएसडीवर हलवा. पावसाळ्यात वारं सुटलं की वीज किती वेळा जाते हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि अशा झटक्यांत एसडी कार्ड खराब होतं.

नेक्स्टक्लाउडमधल्या ट्रस्टेड सर्व्हर्सच्या यादीबद्दल गैरसमज नको. दोन सर्व्हर जोडायला ती यादी लागतच नाही, पूर्ण आयडी टाइप केला की शेअर जातो. यादीचा फायदा हा की दोन्हीकडची नावांची वही एकमेकांना मिळते आणि नाव टाइप करताच आयडी सुचतो. त्यासाठी दोन्ही व्यवस्थापकांनी एकमेकांचा पत्ता टाकायला हवा. यादीत समोरच्या सर्व्हरपुढचा दिवा पिवळाच राहिला तर बॅकग्राउंड जॉब्स (नेक्स्टक्लाउडची मागे चालणारी कामं) बघा. एजॅक्सवर असतील तर कुणी पान उघडल्यावरच काम पुढे सरकतं, आणि लहान ऑफिसात दिवसदिवस कुणी उघडत नाही. क्रॉनवर (लिनक्समधल्या ठरावीक वेळी काम चालवणाऱ्या सोयीवर) टाका, दर ५ मिनिटांनी.

आता शीर्षकात लिहिलेला मुद्दा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे, आणि सुरुवातीला त्याच्याकडे कुणी बघत नाही. फेडरेटेड शेअरमध्ये फाइलची नक्कल होत नाही. फाइल मालकाच्या सर्व्हरवरच राहते, समोरच्याला तिथली खिडकी मिळते. काटोलवाल्यांनी तुमच्या फोल्डरमध्ये फोटो टाकला तर तो तुमच्या डिस्कवर बसतो, तुमचा कोटा खातो. तुमची लाइन गेली की त्यांना ते फोल्डर उघडत नाही. म्हणून प्रत्येक फोल्डर कुणाच्या सर्व्हरवर राहणार हे दोन्ही गटांनी बसून ठरवा. आंबिया बहाराच्या वेळी फवारणीच्या नोंदी रोज कोण उघडतं? त्यांच्याकडेच ते फोल्डर असू द्या. डिंक्या रोग झालेल्या झाडांचे फोटो तुमच्याकडून जास्त जात असतील तर ते तुमच्याकडे. सगळं एकाच सर्व्हरवर ठेवलं तर त्या एका गावची लाइन गेली की दोघांचंही काम थांबेल.

फेडरेटेड शेअर हा बॅकअपही नाही. दोन्हीकडे प्रत हवीच असेल तर ती वेगळी घ्या, आरक्लोन या फाइली उतरवणाऱ्या साधनाने रात्री एकतर्फी प्रत काढणं पुरेसं आहे.

शेअर कुणा माणसाच्या खात्यावरून करू नका. दोन्हीकडे संस्थेच्या नावाचं एक खातं काढा. तुमच्या त्या खात्याने त्यांच्या त्या खात्याला फोल्डर द्यायचं, रीशेअरचा अधिकार द्यायचा, आणि त्यांनी ते आपल्या माणसांत वाटायचं. संगणक सांभाळणारा मुलगा नोकरीला नागपूर-पुण्याला गेला आणि त्याचं खातं पुसलं, की त्याने केलेले शेअरही जातात. डिलीटचा अधिकार सुरुवातीला देऊ नका.

मोठ्या फाइलींचं वेगळं आहे. ब्राउझरमधून तुमच्याच सर्व्हरवर फाइल चढवताना नेक्स्टक्लाउड तिचे तुकडे करून पाठवतं. पण तीच फाइल फेडरेटेड फोल्डरमध्ये टाकली की तुमचा सर्व्हर ती समोर एकसंध पाठवतो. त्यामुळे समोरच्या प्रॉक्सीची मर्यादा आडवी येते: एनजिनएक्समध्ये ती मुळात १ एमबी असते, क्लाउडफ्लेअर या ऑनलाइन प्रॉक्सी सेवेच्या फुकट योजनेत १०० एमबी. "माझ्याकडे चढतं, त्यांच्या फोल्डरमध्ये चढत नाही" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. एनजिनएक्समधली मर्यादा वाढवता येते. क्लाउडफ्लेअरची फुकटात वाढत नाही. ड्रोनचा २ जीबीचा व्हिडिओ १० एमबीपीएस अपलोडवर जायला सत्तावीस मिनिटं लागतात, तेही लाइन टिकली तर. असे व्हिडिओ ज्याने काढले त्याच्याच सर्व्हरवर ठेवून शेअर करा. नवीन आवृत्त्यांत डॅव्ह स्टोरेज रिक्वेस्ट टाइमआउट हे सेटिंग आहे, मुळात ३० सेकंद. संथ लाइनवर ते वाढवावं.

सभासदांचे सातबारे, आधारच्या प्रती, पासबुकं या शेअरमध्ये कृपया ठेवू नका. समोरच्या सर्व्हरचा व्यवस्थापक तांत्रिकदृष्ट्या ते पाहू शकतो, आणि शेअर काढून घेतला तरी उतरवलेली प्रत परत येत नाही. लोकांनी ते कागद तुमच्या कंपनीला दिले आहेत, दुसऱ्या गटाला नाही.

आज एवढं करा: दोन्ही राउटरचा वॅन आयपी बघा (पूर्ण आयपी इथे टाकू नका, १००.६४ सारखे सुरुवातीचे दोन भाग पुरेत), दोन्ही सर्व्हरवरून कर्लचा निकाल काय आला ते लिहा, आणि दोन्हीकडच्या नेक्स्टक्लाउडच्या आवृत्त्या सांगा. त्यावरून व्हीपीएस लागतो की नाही ते ठरवू, आणि लागला तर वायरगार्डची फाइल मी इथेच लिहून देईन.