नोकरीत दोन वर्षांचा खंड असेल, तर तो सीव्हीमध्ये दाखवावा का?

आठ वर्षांच्या अनुभवाचा सीव्ही एका पानाचा असावा की दोन पानांचा, आणि घरच्या आजारपणात गेलेली मधली दोन वर्षे त्यात दाखवावीत की नाही, असे तुम्ही विचारले आहे. पानांचा प्रश्न मला गौण वाटतो. एवढ्या अनुभवाला दोन पाने खुशाल घ्या. दुसऱ्या प्रश्नावर मात्र माझे मत पक्के आहे: ती दोन वर्षे महिना-वर्षासकट लिहा.

निवड समितीवर मी बरीच वर्षे काम करत आलो आहे. स्टोअर्समधील पर्यवेक्षकाच्या जागेसाठी आलेले अर्ज चाळताना माझ्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी एका बाईंचा सीव्ही बाजूला टाकला. "मधली तीन वर्षे कुठे गेली?" एवढेच ते म्हणाले. ती वर्षे कुठेही गेलेली नव्हती. दोन नोकऱ्यांच्या मध्ये स्पष्ट ओळ होती: 'वडिलांच्या दीर्घ आजारपणात पूर्णवेळ शुश्रूषा; याच काळात साठा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण.' मी ती वाचून दाखवली, तेव्हा "घरची कामे सीव्हीत लिहायची नसतात" असे उत्तर मिळाले. त्यांनी पसंत केलेल्या उमेदवाराने प्रत्येक नोकरीखाली 'स्टोअर्सची संपूर्ण जबाबदारी यशस्वीरीत्या सांभाळली' हेच वाक्य लिहिले होते. बाईंनी लिहिले होते: 'नोंदीतला आणि प्रत्यक्षातला साठा दर आठवड्याला थोडा थोडा जुळवण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळे वार्षिक मोजणीसाठी काम बंद ठेवावे लागले नाही.' ज्याने वार्षिक मोजणीचा गोंधळ पाहिला आहे, त्याला या एका वाक्यामागची मेहनत लगेच कळते. मी आग्रह धरला, बाईंना मुलाखतीला बोलावले गेले आणि त्यांची निवड बहुमताने झाली. सहकाऱ्यांनी आपला विरोध लेखी नोंदवला आणि तो आजही मागे घेतलेला नाही.

त्यांच्या मते, सीव्ही चाळणाऱ्याकडे वेळच नसतो, म्हणून खंड दिसला की अर्ज बाद करणेच व्यवहार्य ठरते. त्यासाठी ते 'द लॅडर्स' या नोकरीविषयक संकेतस्थळाच्या २०१२ मधील पाहणीचा दाखला देत. भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेऊन केलेल्या त्या पाहणीत पहिली चाळणी सुमारे सहा सेकंदांत उरकते, असे आढळले होते. २०१८ च्या पाहणीत हा वेळ ७.४ सेकंदांवर गेला. पण त्याच २०१२ च्या पाहणीत नजर सर्वाधिक कुठे रेंगाळते तेही नोंदवले आहे: नाव, आताचे आणि आधीचे पद व कंपनी, नोकरीच्या तारखा आणि शिक्षण. म्हणजे खंड लपवायला जी जागा मोकळी ठेवली जाते, नेमकी तीच आधी नजरेत भरते. तिथे कारण लिहिलेले असेल, तर वाचणारा पुढे सरकतो. नसेल, तर तो स्वतःच कारण तर्काने ठरवतो आणि ते तर्क उमेदवाराच्या बाजूचे क्वचितच असतात. महिने गाळून नुसती वर्षे लिहिण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला अजिबात मान्य नाही. जुन्या कार्यालयाकडे तारखांची पडताळणी झाली की ती पळवाट उघडी पडते आणि मग खऱ्या अनुभवावरही संशय येतो.

खंडासाठी एक ओळ पुरे. तिच्यात क्षमायाचना किंवा भावनिक वर्णन नको. बाकीची जागा कामासाठी ठेवा आणि प्रत्येक नोकरीखाली तुमच्यामुळे काय बदलले ते लिहा. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'संघभावना असलेला' ही विशेषणे सरळ काढून टाका.

काही गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्या लागतील. अनेक ठिकाणी माणसाआधी सॉफ्टवेअर सीव्ही वाचते आणि तक्ते, चौकटी किंवा पानाच्या अगदी वरच्या हेडरमधील मजकूर त्यातून कधी कधी निसटतो, म्हणून फोन क्रमांक आणि ईमेल मुख्य मजकुरातच द्या. अध्यापन व संशोधनातील सीव्ही प्रकाशनांच्या यादीमुळे बराच लांब असतो, त्यामुळे माझा दोन पानांचा हिशेब तिथे धरू नका. आणि आजारपण तुमचे स्वतःचे असेल, तर आजाराचे नाव लिहिण्याची गरज नाही. 'आरोग्याच्या कारणासाठी विराम, आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध' एवढे पुरेसे आहे.